श्वासाचे दार

बोलताना आपण नाकाला फार मान देतो. लेकीने परीक्षेत नाव काढले की बापाचे नाक वर होते. गावात शोभा झाली तर नाक कापले गेले म्हणतो. काम उरकता उरकत नाही, तेव्हा नाकी नऊ येतात. ऐपतीपेक्षा खर्च मोठा झाला, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पण या नाकाच्या आत काय आहे, हे आपल्याला फारसे माहीत नसते. म्हणून घरात कोणाचा घोळणा फुटला, लेकराने नाकात चिंचोका घातला, की आपली धांदल उडते. धांदलीत माणूस भलतेच करून बसतो. तसे होऊ नये म्हणून या धड्यात आपण नाक नीट पाहू.

बाहेरचे नाक

हा धडा वाचताना एक हात मोकळा ठेवा. दोन डोळ्यांच्या मध्ये नाकावर बोट दाबा. कठीण लागते ना? ते हाड आहे. आता बोट हळूहळू खाली आणा. थोडे खाली आले की हाड संपते. पुढचा भाग दाबला तर दबतो, सोडला तर पुन्हा सरळ होतो. ती कूर्चा आहे. कूर्चा हाडापेक्षा मऊ असते आणि वाकते. आपल्या कानाची वरची कडही कूर्चेचीच असते.

नाकाचा वरचा भाग हाडाचा आणि खालचा भाग कूर्चेचा. वर कातडीचे पांघरूण. बाहेरचे नाक म्हणजे एवढेच. नथ, चमकी टोचतात ती खालच्या मऊ भागात. वर टोचायला गेलो तर हाड लागेल.

नाकावर मार लागला, बैलाचे शिंग लागले, कबड्डीत कोपर बसले, तर नुसते बाहेरून पाहू नका. मारानंतर दोन्ही नाकपुड्या चोंदल्या, श्वास घेता येईना, तर आतल्या पडद्यात रक्त साकळलेले असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झाला तर आतली कूर्चा मरते आणि नाक बसके होते.

पुण्याजवळ केलेले नवे नाक

नाक कापणे ही काही नुसती म्हण नव्हती. जुन्या काळी वैराने किंवा शिक्षा म्हणून खरोखर नाक कापीत. अशा एका माणसाची खरी हकीकत ऐका.

सन १७९० ते १७९२ या काळात म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी लढाई चालली होती. एका बाजूला टिपू. दुसऱ्या बाजूला इंग्रज, पेशवे आणि निजाम. आपला हदगावचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला एक मराठा शेतकरी गडी होता. इंग्रजी कागदात त्याचे नाव कावसजी असे लिहिले आहे. हा गडी टिपूच्या हाती सापडला. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच, बिननाकाचा वावरला.

मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर विटा पाडणाऱ्या जातीतला होता. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. पण त्याने काम कसे केले, ते पाहणाऱ्यांनी बारकाईने लिहिले आहे.

त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा घेतला आणि नाकाच्या जागी बसेल असा घडवला. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली. पण ती पुरी कापून काढली नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये कातडीची एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली. जुन्या नाकाच्या कडा ताज्या करून घेतल्या. मग कपाळाची कातडी फिरवून खाली आणली आणि त्या कडांना जुळवली. जोडावर कात पाण्यात कालवून, तो फडक्याच्या पट्ट्यांना लावून, पट्ट्या एकावर एक बसवल्या. पानाला लावतो तोच हा कात, बरं का! चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवले. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ फडके घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, कातडी नव्या जागी धरल्यावर, ती मधली पट्टी कापली.

मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी हे काम डोळ्यांनी पाहिले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आली. ती वाचून तिथल्या जोसेफ कार्प्यू या डॉक्टराने या कामाचा अभ्यास केला. मग २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने याच रीतीने एका माणसाचे नाक केले. पुढे ही रीत युरोपभर गेली. गालाच्या कातडीने नाक जोडण्याची रीत तर आपल्याकडे सुश्रुतसंहितेत फार पूर्वीच लिहिलेली होती.

आता एक विचार करा. त्या कारागिराने ती मधली पट्टी का ठेवली? कातडीला जगायला रक्त लागते. पुरी कापलेली कातडी मेली असती. पट्टीतून रक्त येत राहिले, म्हणून ती जगली आणि नव्या जागी रुजली. रोप उपटताना मुळाला माती ठेवतो, तसेच हे झाले.

नाकाला रक्त भरपूर लागते. ही गोष्ट ध्यानात धरून आता नाकाच्या आत जाऊ.

आतले घर

नाकाचे आतले घर समजून घ्यायला आपला जुना वाडा आठवा. दारातून शिरले की ढाळज लागते. आल्या-गेल्याला तिथे थांबवतात, विचारपूस करतात, मग आत सोडतात. नाकातही तसेच आहे.

नाकपुडी हे दार. आत शिरताच केस लागतात. ते मोठा कचरा, चिलटे, भुसा अडवतात. म्हणून नाकातले केस उपटू नयेत. फार वाढले तर बाहेर आलेले तेवढे कात्रीने कापावे. केस उपटले की तिथे पुळी येते. नाकावरची, वरच्या ओठावरची पुळी कधी पिळू नये. तिथल्या रक्तवाहिन्यांची वाट आत डोळ्यांकडे आणि मेंदूकडे जाते. पू त्या वाटेने आत गेला तर जिवावर बेतते.

घराच्या मधोमध एक भिंत आहे. तिला नाकाचा पडदा म्हणतात. पुढे कूर्चा, मागे हाड, आणि दोन्ही अंगांना ओलसर त्वचा. बहुतेक माणसांचा पडदा थोडा तरी कलता असतो. त्रास नसेल तर त्याची काळजी करू नये.

बाजूच्या भिंतींवर एकीखाली एक अशा तीन फळ्या असतात. त्या सपाट नसून सुरळीसारख्या वळलेल्या असतात. हवा सरळ आत धावत नाही. या फळ्यांना घासून, वळसे घेत जाते. फळ्यांमध्ये रक्त खेळते असते, त्यामुळे हवा ऊन होते. अंगावर ओल असते, त्यामुळे हवा ओली होते. त्या चिकट ओलीला धूळ धरून बसते.

ही चिकट ओल म्हणजेच शेंबूड. शेंबूड म्हटले की आपण नाक मुरडतो. पण हा शेंबूड आपला राखणदार आहे. नाकाच्या आतल्या त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सारखे हलतात आणि धूळ धरलेला शेंबूड मागे घशाकडे ढकलतात. तिथून तो आपल्या नकळत पोटात जातो. पोटातले आम्ल पुष्कळसे जंतू मारते. रात्रंदिवस ही झाडलोट चालू असते.

जुन्या वाड्यात भिंतीच्या आत धान्याचे बळद असते. खोली मोठी आणि तोंड लहान. नाकाच्या भोवती हाडांत अशीच बळदे आहेत. गालांच्या हाडांत, कपाळात, डोळ्यांच्या मध्ये आणि त्याही मागे. त्यांत हवा असते. त्यांची तोंडे नाकात उघडतात. सर्दीने ती तोंडे सुजून मिटली की आत पू साठतो. मग गाल दुखतात, कपाळ दुखते, खाली वाकले की जड वाटते. यालाच लोक सायनसचा त्रास म्हणतात.

नाकाला आणखी दोन वाटा मिळतात. डोळ्यातले पाणी एका बारीक नळीने नाकात उतरते. म्हणून रडताना नाक गळते. दुसरी वाट नाकाच्या मागून कानात जाते. म्हणून लेकराला सर्दी झाली की कान ठणकतो. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने नाक शिंकरले तर घाण त्या वाटेने कानात जाऊ शकते. नाक शिंकरायचे ते एकेक नाकपुडी मोकळी ठेवून, हळू.

सगळ्यात वर, छताजवळ, वास ओळखणारी लहानशी जागा आहे. तिच्या वर चाळणीसारखे भोके असलेले हाड आहे. त्या भोकांतून बारीक तंतू मेंदूकडे जातात. फोडणीचा वास, आंबलेल्या वरणाचा वास, गळणाऱ्या गॅसचा वास आपल्याला इथे कळतो. सर्दीत हवा इथवर पोचत नाही. म्हणून जेवण बेचव लागते. जीभ बिघडलेली नसते, नाक बंद असते.

दिवसाला पन्नास पिंपे

एक हिशेब करू. मोठा माणूस शांत बसला असता मिनिटाला सुमारे १५ वेळा श्वास घेतो. एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. दिवसाची मिनिटे १,४४०. गुणाकार केला तर १०,८०० लिटर होतात. दोनशे लिटरच्या पिंपात मोजली, तर पन्नासच्या वर पिंपे झाली! एवढी हवा नाक रोज गाळते, ऊन करते, ओली करते.

तोंडाला हे काम येत नाही. तोंडाने घेतलेली हवा तशीच कोरडी, धुळीची घशात जाते. म्हणून श्वास नाकाने घ्यावा. एखादे लेकरू रोज तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, दिवसाही तोंडानेच श्वास घेते, तर ती खोड समजून रागावू नका. नाकाच्या मागे गाठ वाढलेली असू शकते. डॉक्टरांना दाखवावे.

घोळणा फुटला तर

चैत्र-वैशाखात आपल्याकडे ऊन ४२-४३ अंशांवर जाते. हवा अगदी कोरडी होते. नाकाच्या आतली त्वचा सुकते, तिला भेगा पडतात. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. लेकरू बोट घालते, खपली काढते, आणि रक्त येते. यालाच घोळणा फुटणे म्हणतात.

घरात काय होते पाहा. आजी म्हणते, "अगं, डोकं मागं कर लेकराचं! कांदा फोडून हुंगायला दे." आजीची माया खरी, पण उपाय खोटा. डोके मागे केले की रक्त घशात उतरते. लेकराला ठसका लागतो, उलटी होते. आणि किती रक्त गेले तेही कळत नाही. कांद्याने रक्त थांबत नाही.

आशाताई सांगतात ते असे : "आजी, लेकराला बसतं ठेवा. डोकं जरा पुढं वाकवा. नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत दाबून धरा. श्वास तोंडानं घेऊ द्या. तोंडात रक्त आलं तर थुंकू द्या. घड्याळ लावून दहा मिनिटं धरा. मध्ये सोडून बघू नका."

दाबायचा तो मऊ भाग, वरचे हाड नव्हे. हाड दाबून काही होत नाही. दहा मिनिटांनी रक्त थांबले नाही, तर पुन्हा दहा मिनिटे दाबावे. तरीही थांबले नाही, तर दवाखान्यात न्यावे. रक्त थांबल्यावर त्या दिवशी नाक शिंकरू नये, बोट घालू नये, जड उचलू नये.

म्हाताऱ्या माणसाचे नाक वाहू लागले, तर जास्त जपावे. रक्त नाकाच्या मागच्या भागातून येत असू शकते. रक्तदाबाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर वाट पाहू नये. वारंवार घोळणा फुटत असेल, तरीही तपासून घ्यावे. रक्त फार जात असेल तर १०८ ला फोन करावा.

लेकराच्या नाकात काही गेले तर

खेळता खेळता लेकरे नाकात काहीबाही घालतात. हरभरा, चिंचोका, खडू, मणी, फोम. घातले हे ती सांगत नाहीत, मार बसेल म्हणून. आठ दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागतो. ही खूण लक्षात ठेवा. सर्दी दोन्हीकडून वाहते. एकाच बाजूने घाण येत असेल, तर आत काहीतरी अडकले आहे असे समजावे.

हरभऱ्यासारखे बी ओलीने फुगते. चिमटा, काडी, केसाची पिन घालून काढायला जाऊ नका. ते आणखी आत सरकते. मागे घशात आणि तिथून श्वासनळीत गेले, तर लेकरू गुदमरते. त्याला न रागावता दवाखान्यात न्या.

खेळण्यातला, घड्याळातला चपटा गोल सेल नाकात गेला तर मात्र एक घटकाही थांबू नका. ओलीने तो आतली त्वचा जाळतो. थोड्या तासांत पडद्याला भोक पडू शकते. नाकात पाणी किंवा तेल काही घालू नका. तडक हदगावचा सरकारी दवाखाना गाठा. तिथून सांगितले तर नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या.

तान्ह्या लेकराच्या नाकात तेल सोडण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. ती सोडून द्यावी. ते तेल फुप्फुसात उतरते आणि लेकरू आजारी पडते.

सर्दी, थेंब आणि काळी बुरशी

साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. नाक मोकळे करणारे थेंब दुकानात मिळतात. ते डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस घालावे. मनाने जास्त दिवस घातले, तर त्या थेंबांनीच नाक पुन्हा चोंदते आणि सवय लागते. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे असेल, तर पाणी उकळून गार केलेले हवे. विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात घेऊ नये.

सन २०२१ मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रात पुष्कळ लोकांना काळी बुरशी झाली. तिची सुरुवात नाकातून आणि त्या गालाच्या बळदातून होते. तिथून ती डोळ्यात आणि मेंदूत जाते. ज्यांची साखर ताब्यात नाही, त्यांना तिचा धोका जास्त. साखरेच्या रोग्याचे नाक एका बाजूने चोंदले, काळा स्राव आला, गाल बधिर झाला, डोळा सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

नाकाला जमत नाही ते

सोयाबीनची मळणी चालली की धुरळा उठतो. हळद वाळवून घोळताना पिवळी धूळ उडते. जिनिंगमध्ये कापसाची तुसे उडतात. नाक धूळ अडवते खरे, पण त्यालाही शीण होतो. अशा कामाला तोंड-नाकावर दस्ती बांधावी. मुखपट्टी मिळाली तर ती अधिक चांगली.

फवारणीचे तसे नाही. हा भेद नीट समजून घ्या. औषधाचा वाफारा धुळीसारखा नसतो. नाकातला केस त्याला अडवत नाही, शेंबूड धरीत नाही. तो थेट फुप्फुसात जातो. अंगावर उडालेले औषध कातडीतूनही भिनते. दस्ती औषधाने भिजली, तर उलट विष नाकाशी बांधून ठेवल्यासारखे होते. सन २०१७ मध्ये पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात पडले. ते आपल्यासारखेच राबणारे लोक होते.

म्हणून फवारताना अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा आणि फवारणीसाठीची खास मुखपट्टी वापरावी. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहू नये. कपाशी डोक्याएवढी वाढली असेल तर फवारा तोंडावरच येतो, तेव्हा जास्त जपावे. घरी येताच साबणाने अंघोळ करावी. मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ असे काही वाटले, तर काम तिथेच थांबवावे. औषधाचा डबा किंवा त्याची चिठ्ठी बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. डब्यावरचे नाव वाचले की डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो. तुम्हाला आता वाचता येते. डब्यावरचे अक्षर फवारणीच्या आधीच वाचून घ्या. लाल त्रिकोण म्हणजे अतिशय जहाल विष.

उजळणी

१. नाकाचा कोणता भाग हाडाचा आणि कोणता कूर्चेचा? बोट लावून दाखवा.

२. पुण्याजवळच्या कारागिराने कपाळाच्या कातडीची मधली पट्टी का कापली नाही?

३. रडताना नाक का गळते?

४. घोळणा फुटल्यावर डोके कोणीकडे वाकवावे? नाक कुठे आणि किती वेळ दाबावे? शेजाऱ्याला करून दाखवा.

५. लेकराच्या एकाच नाकपुडीतून घाण येत असेल तर काय समजावे?

६. आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे? त्यावरचे नाव वहीत लिहून आणा. डबा हाताळल्यावर हात साबणाने धुवा.